चार महिने मी पोरीशी बोलले नाही

"हिला काय बोलता येणार? तुम्ही घरात हे असलं बोलता, म्हणूनच ही मुकी."

शिरूरच्या बालवर्गाच्या मॅडम हे फाटकात उभ्या राहून म्हणाल्या. दहा-बारा आयांसमोर. माझी तीन वर्षांची मुलगी माझी ओढणी धरून उभी होती. मी एवढंच विचारलं होतं, "मॅडम, ही वर्गात काय बोलती का न्हाई?" मागं एक बाई हसली. मॅडमना आणखी जोर आला. "आधी तुम्ही शुद्ध बोलायला शिका. नाहीतर जूनपासून हिला आणू नका."

मी मार्केट यार्डात कांदा निवडायला जाते. तिथं माझी हाक ट्रकच्या पलीकडं ऐकू जाते. त्या दिवशी मी पोरीला उचललं आणि खाली मान घालून घरी आले.

आणि मला ते खरं वाटलं. चूक झाली ती इथं. माझ्याच जिभेनं पोरीचं वाटोळं केलं, असं मनानं घेतलं. सासूबाई बोल फुटावेत म्हणून रोज वेखंड उगाळून नातीच्या जिभेला लावायच्या, आणि मी माझी जीभ आवरून बसायचे. भरवताना गप्प. न्हाऊ घालताना गप्प. बोललेच तर बातम्या वाचल्यासारखं, "बाळ, पाणी हवे आहे का?" ती नुसती माझ्या तोंडाकडं बघायची. आधी निदान "आय" म्हणायची. तेही बंद झालं. मग मात्र मी हादरले.

अंगणवाडीच्या ताईंनी सांगितलं, दौंडला एका दवाखान्यात मुलांचं बोलणं तपासतात. एसटीत मी सारखी शुद्ध वाक्यं घोकत होते. वाटत होतं, परीक्षा माझीच आहे. मी नापास झाले, तर पोरगी मुकी म्हणून कागदावर लिहून देतील.

तपासणाऱ्या बाई चटईवर बसल्या. हाक मारल्यावर वळते का, कान फुटले होते का, पहिला शब्द कधी बोलली, एकेक विचारत गेल्या. चूक नको म्हणून मी एकेका शब्दात उत्तर देत होते. मग त्यांनी खेळणी पुढं ठेवली.

"आता तुम्ही खेळा तिच्याशी. घरी बोलता तसं बोला."

"बाळ, हा चेंडू आहे." पोरगी हलली नाही.

"ताई, घरी खरंच असं बोलता?"

मला रडूच फुटलं. "न्हाई वो. पर मी बोलले तर ही आणखी बिघडंल."

"कुणी सांगितलं?"

मी फाटकातलं सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "आईच्या बोलीनं मूल मुकं होत नाही. आई गप्प राहिली तर त्याच्या कानावर शब्दच पडत नाहीत. बोला, तुमच्याच बोलीत."

मी चेंडू उचलला. "ए चिमणे, कुठं टाकू? तुझ्या अंगाव टाकू व्हय?"

पोरीनं मान वर केली. दोन्ही हात पुढं केले. "आय," म्हणाली.

तेवढंच. त्यापुढं एक शब्द नाही. बाईंनी खोटा धीर दिला नाही. वयाच्या मानानं बोलणं बरंच मागं आहे, कानांची तपासणी करायची, दर आठवड्याला यायचं. किती बोलेल, आज सांगता येत नाही. परतताना एसटीत मी पोरीला घट्ट धरून बसले होते. भीती गेली नव्हती. आजही गेलेली नाही. पण माझे चार महिने कुणी खाल्ले, ते आता मला कळलं होतं.

सोमवारी मी मुद्दाम गर्दीच्या वेळी फाटकात गेले. "चल गं चिमणे, तुझी शाळा आली बघ," मोठ्यानं म्हणाले.

मॅडमनी कपाळाला आठ्या घातल्या. "हळू बोला. बाकीची मुलं ऐकतात."

"ऐकू द्या. माझी पोरगी बी ऐकती. जूनपासून हिला काढायची असंल, तर कारण कागदाव लिहून द्या. हिची आय असं बोलती म्हणून काढली, असं लिहा. खाली सही करा."

मॅडमनी पेन काढलं नाही. मी पोरीला वर्गात सोडलं. पोरगी बोलेल का, मला माहीत नाही. मी बोलणार. रोज, ह्याच फाटकात.