वीस तासांनंतरचे हात

वर्षभरासाठी परदेशातून शिकायला आलेल्या त्या मुलीला विद्यापीठाच्या ग्रंथालयात विद्यार्थी-परवान्यानुसार आठवड्याला वीसच तास काम करायची मुभा होती. गुरुवारीच ते संपले. शुक्रवारी ती अभ्यासाला आली, पण हात सवयीने कपाटातली कलंडलेली पुस्तकं उभी करू लागले.

ग्रंथपालबाई धावत आल्या. "अगं बये, थांब! तपासनीस आलेत. फुकट केलेलं कामही कामच धरतात. परवाना जाईल तुझा!"

"हातातलं हे पुस्तक ठेवू?"

"ठेवणंही कामच! वाच मुकाट्याने."

तपासनीस नेमके समोरच येऊन बसले. हातातलंच 'सांडपाण्याची विल्हेवाट, खंड तिसरा' उघडून बिचारीने मान खाली घातली. तासाभराने हळूच वर बघितलं, तर ते कौतुकाने म्हणाले, "वाचा, वाचा. मलाही घाई नाही."