चोवीस सुइणींचे रंग

बोगोतातल्या रिकाउर्ते भागात आमचा छापखाना. मी तिथं एकोणीस वर्षं मशीन चालवलं. पण मशीनवर काय चढायचं ते ठरायचं आतल्या खोलीत, आरासेली तिबादुइसाबाईंच्या टेबलावर. चित्रकार मंडळी संगणकावर काढलेली चित्रं पाठवायची आणि ती छापण्याजोगी करणं हे बाईंचं काम. खोलीला खिडकी नव्हती, भिंती राखाडी. बाहेरचा उजेड रंगांबद्दल खोटं सांगतो, असं त्या म्हणत. आम्ही त्यांना दोन्या आरा म्हणायचो; आमच्याकडं मानानं बाईला दोन्या म्हणतात, पुरुषाला डॉन. बाई मूळच्या बोयाकाच्या डोंगरातल्या. पोराटोरांनाही अहो-जाहो करायच्या आणि चुकाही तितक्याच अदबीनं काढायच्या. "फाइल फार सुंदर आहे हो तुमची," असं त्या म्हणाल्या की समजायचं, दहा तरी चुका निघणार.

एका मार्चमध्ये किब्दोहून यिर्लेसा मोस्केरा नावाच्या चित्रकर्तीची फाइल आली. अत्रातो नदीकाठच्या चोवीस सुइणी तिनं टॅबलेटवर रंगवल्या होत्या. त्यांचं पुस्तक करायचं होतं. दोन्या आरांनी फाइल उघडली आणि फोन लावला.

"बाई, पान सात. या आजींची बोटं कापली जाणार."

"म्हणजे काय?"

"तुम्ही हात अगदी कागदाच्या काठाशी आणून थांबवलेत. कापताना पातं केसभर सरकलं तरी बोटं गेली. मागचा रंग काठाबाहेर तीन मिलिमीटर वाढवा आणि हात जरा आत घ्या."

मग यिर्लेसा म्हणाली, "सुईण आहे हो ती. तिची बोटं गेली तर राहिलं काय!"

ते निस्तरलं. खरी अडचण पुढं होती. पडद्यावरचा रंग उजेडाचा, कागदावरचा शाईचा. संगणकानं आपल्या हिशेबानं एकाचा दुसरा केला, तेव्हा त्या बायकांची काळी, तकतकीत कांती राखेसारखी झाली, वर हिरवट झाक. शाईही इतकी साठली की कागदानं ती शोषलीच नसती. नमुन्याचा कागद बघून आमचे मालक डॉन एवेलिओ म्हणाले, "चेहरे थोडे उजळ करा आणि सोडा. गुरुवारी मशीन मोकळं आहे. कोण एवढं बघतंय?"

"ज्यांची चित्रं आहेत, त्या बघतील."

"दोन्या आरा, चोवीस चित्रं आहेत!"

"मोजलीत मी."

मालक पाय आपटत गेले. मी कॉफी घेऊन आत उभा होतो. बाईंनी कप घेतला, पण प्यायल्या नाहीत.

"मी हे एकदा केलंय," त्या म्हणाल्या. "सव्वीस वर्षांपूर्वी. शाळेचं वार्षिक पुस्तक होतं. वर्गात एकच काळी मुलगी. फोटो अंधारा आला होता, म्हणून मी तिचा चेहरा उजळ केला. मला वाटलं, चांगलंच करतेय. पुस्तक छापून गेलं आणि आठवड्यानं तिची आई आली. भांडली नाही. ते पान उघडून माझ्यासमोर ठेवलं आणि विचारलं, 'यात माझी मुलगी कुठली?'"

इतकी वर्षं शेजारी काम करून मला हे ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी यिर्लेसाला बोलावून घेतलं. ती अख्खा दिवस आणि रात्र बसचा प्रवास करून आली. बोगोताच्या थंडीत कुडकुडत होती. दोन्या आरांनी आपली शाल तिच्या खांद्यावर टाकली आणि म्हणाल्या, "दिव्याखाली तुमचा हात ठेवा बघू. त्याच्यावरून मी रंग जुळवते."

यिर्लेसा हसली. "माझ्या हातावरून सगळ्यांचा? चित्रातल्या दोन्या पास्तोरा माझ्याहून काळ्या, त्यांच्या कांतीत निळं आहे. एउलोहिया तांबूस. आम्ही सगळ्या एकाच डब्यातून काढलेल्या नाही, बाई!"

दोन्या आरांचे कान लाल झाले. "बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "मग एकेकीबद्दल सांगा."

तीन दिवस दोघी बसल्या. यिर्लेसा सांगायची: ही उन्हात मासे सुकवते, हिच्या गालावर घामाची चमक हवी. दोन्या आरा काळी शाई कमी करून त्या जागी लाल-पिवळ्याला काम करू द्यायच्या, सावलीत निळ्याचा अंश ठेवायच्या. मी नमुने काढून आणायचो, दोघी ते दिव्याखाली धरून वाद घालायच्या.

सगळं जमलं नाही. एका चित्रात पहाटेची नदी होती, पडद्यावर आतून पेटल्यासारखी हिरवी. शाईत ती मळकट उतरायची.

"हा हिरवा माझ्याकडे नाही," दोन्या आरांनी सरळ सांगितलं. "मिळवून देते म्हटलं तर ते खोटं होईल."

यिर्लेसा उठून गेली. तासाभरानं डोळे पुसत परत आली आणि त्या नदीवर तिनं धुकं रंगवलं. आधीची नदी जास्त सुंदर होती, हे दोघींनाही माहीत होतं.

पुढच्या सोमवारी मी छापलं. पहिला ताव निघाला तेव्हा डॉन एवेलिओ बराच वेळ बघत राहिले. महिन्याभरानं किब्दोहून फोन आला. दोन्या पास्तोरांची तक्रार होती की चित्रात आपण फार म्हाताऱ्या दिसतो. "पण रंग माझाच आहे," असंही त्या म्हणाल्या. दोन्या आरा त्या दिवशी चीजचे दोन पाव जास्त खाऊन घरी गेल्या.

छपाईआधीची एक गोष्ट राहिली. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर यिर्लेसानं आभारात बाईंचं नाव घातलं होतं. अखेरची तपासणी बाईंचीच, त्यांना ते काढता आलं असतं. आजवर दोन पुस्तकांतून त्यांनी आपलं नाव काढलंही होतं. या वेळी मात्र त्या मला म्हणाल्या, "पोरीनं एकच एल लिहिलाय. माझ्या नावाच्या स्पेलिंगमध्ये दोन आहेत."

त्यांनी दुसरा एल टाकला आणि फाइल माझ्याकडे पाठवली.