बारावं चित्र

"अकराच?" ग्रंथपाल रंजनाने तिसऱ्यांदा विचारलं.

"अकराच. यादीत बारा चित्रं आहेत."

जव्हारच्या वाचनालयाने मला जुनी पुस्तकं दुरुस्त करायला बोलावलं होतं. कागद वाचवणं हा माझा धंदा. दुरुस्तीआधी पानं आणि चित्रं यादीशी ताडून बघायची असतात, त्याला आम्ही कोलेशन म्हणतो. हे पुस्तक तर दुर्मीळच. युरोपातल्या एका बर्फाच्या डोंगरावर बॅरोमीटर घेऊन चढलेल्या शास्त्रज्ञाची हकीकत. वर जावं तसा हवेचा दाब कमी होतो, त्यावरून उंची काढायची. आत तांब्याच्या पत्र्यावरून छापून हाताने रंगवलेली चित्रं.

त्यातलं एक कुणीतरी ब्लेडने कापलं होतं.

वाचनालयाच्या अध्यक्षांना स्पीकरवर फोन केला. ते म्हणाले, "चावी रंजनाकडे असते. पोलिसांत द्या."

रंजनाचा चेहरा उतरला. तिला इथे लागून दोनच वर्षं झाली होती.

मी भिंग लावून कापलेली कड पाहिली. ताजा काप पांढरा दिसतो. हा बाकीच्या पानांइतकाच तपकिरी होता. मी फोनवर म्हटलं, "साहेब, हे फार जुनं काम आहे. दोन दिवस द्या."

पुस्तकाच्या पाठच्या खिशात, कुणी घरी नेलं त्याच्या नोंदीचं कार्ड होतं. नाव एकच, पण सात वेळा. गावित सर, साखरशेत.

"निवृत्त झाले. अजून येतात पेपर वाचायला," रंजना म्हणाली आणि तिनेच फोन लावला. सरांनी आढेवेढे घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आले, काखेत पुठ्ठा. पुठ्ठ्यावर चित्र चिकटवलेलं.

"मीच कापलं मॅडम. वर्गात लावायला."

चित्रात शास्त्रज्ञ मधे होता. त्याच्यापुढे डोंगराखालच्या गावातली माणसं, पाठीवर शिडी आणि बॅरोमीटरची नळी.

"आमची पोरं म्हणायची, डोंगर चढणं हे अडाण्याचं काम. म्हटलं, बघा, वाट कोण दाखवतंय. परत आणायची लाज वाटली. मग वर्षं गेली." मग ते रंजनाकडे वळले. "तुझ्यावर आलं हे मला ठाऊक नव्हतं गं."

मी घाबरत विचारलं, "चिकटवलंय कशाने?"

"घरच्या खळीने. तांदळाच्या."

मी सुटकेचा निःश्वास टाकला. खळ पाण्याने सुटते. फेविकॉल असता तर चित्र गेलंच होतं. आधी ओल्या कापसाने रंग तपासला, उतरत नव्हता. मग पाठचा पुठ्ठा ओलावून थराथराने सोलला. चार तास लागले. सर शेजारी बसून होते, चहासुद्धा घेतला नाही. शेवटी पातळ जपानी कागदाची पट्टी लावून चित्र जागेवर बसवलं.

सरांनी माफीनामा लिहिला. अध्यक्षांनी तो फाइलला लावला आणि ते रंजनाला फोन करून "चुकलं माझं" म्हणाले. चित्राची रंगीत झेरॉक्स आता साखरशेतच्या शाळेत आहे.

वाळवीवर औषध आहे, ओलीवरही आहे. पुस्तकावर जीव असलेल्या वाचकावर मात्र अजून निघालेलं नाही.