अबोली अंगाची गोगलगाय

दीनानाथ सोवनी कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात चित्रकार होते. त्यांचा खाक्या एकच: डोळ्यांना दिसेल तेच कागदावर. त्यामुळे १९६३ साली परचुरे सरांनी रत्नागिरीच्या खडकांवरून आणलेल्या बोटभर समुद्रगोगलगाई त्यांनी पांढऱ्याफटक रंगवल्या. फॉर्मेलिनच्या बरणीत रंग उडून गेले होते, त्याला ते तरी काय करणार?

"सोवनी, ही गोगलगाय आहे की उकडलेला बटाटा?" सरांनी विचारलं.

महिनाभरात सरांचं गोगलगाईंवरचं पुस्तक छापायला जायचं होतं. जमत नसेल तर मुंबईचा चित्रकार बघतो, असंही सर जाता जाता म्हणाले. बारा वर्षं दीनानाथांनी या बरण्यांशीच संसार केला होता.

जिवंत गोगलगाई सरांनी पाहिल्या होत्या, पण त्यांना तांबडा आणि हिरवा सारखाच दिसे. म्हणून रंगांची नोंद त्यांच्या पत्नी सुहासिनीबाईंनी केली होती, ती अशी: 'अंग अबोली, कड मोरपंखी, शिंगं डाळिंबी. पातळ इतकी, की आरपार उजेड.' चाळिशीच्या ब्रह्मचाऱ्याला हे रंग कुठून ठाऊक असणार? त्यांच्या रंगपेटीत तर ही नावंही नव्हती.

त्यांनी मुकाट्यानं लक्ष्मी रस्त्यावरचं लुगड्यांचं दुकान गाठलं. कोणासाठी दाखवू, असं दुकानदारानं विचारल्यावर त्यांनी खरं ते सांगितलं, गोगलगायीसाठी.

"माप आणलंय का?" एवढं विचारून दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

घरी ही हकीकत ऐकून त्यांची आई मथुराबाई हसून हसून बेजार झाल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! नवरा गेल्यापासून न उघडलेली ट्रंक त्यांनी उघडली आणि अबोली लुगड्याचा पदर खिडकीत धरला.

"हा एकेरी. आता दुहेरी करते, बघ. रंग तोच, पण दाट. आलं लक्षात?"

दीनानाथांच्या लक्षात आलं. त्यांनी रंग पाण्यासारखा पातळ केला आणि एक हात वाळला की त्यावर दुसरा, असे सात हात दिले. कडेला मोरपंखी आणि शिंगांना डाळिंबीही ट्रंकेतूनच निघाले.

चित्र सुहासिनीबाईंसमोर ठेवलं. त्यांनी बोट पुढं केलं आणि चटकन मागं घेतलं.

"अजून ओलं आहे का हो?"

"चार दिवस झाले वाळून," दीनानाथ म्हणाले. मुंबईच्या चित्रकाराचं नाव सरांनी त्यानंतर काढलं नाही.

पुस्तक छापून आलं. दीनानाथांनी हट्ट धरून पहिल्या पानावर घालून घेतलं होतं: 'चित्रे: दीनानाथ सोवनी. रंग: मथुराबाई सोवनी.' या बाई कुठल्या कॉलेजच्या, अशी सरांनी चौकशी केली होती म्हणे.

मथुराबाईंनी अक्षर अक्षर लावत आपलं नाव दोनदा वाचलं. मग गोगलगायीचं पान उघडून बराच वेळ पाहिलं आणि पदरानं डोळे पुसले.

"छापखान्यात अबोली जरा उडालाय," त्या म्हणाल्या, आणि पुस्तक ट्रंकेतल्या अबोली लुगड्याच्या घडीत ठेवून आल्या.