न ओवाळलेली गाडी

दिंडोशीच्या आमच्या रस्त्यावर गाडी चालवतो आणि माझ्या सासूबाईंना घाबरत नाही, असा माणूस अजून जन्माला यायचाय. मी असं बोलले की नवरा म्हणतो, "जास्त करतेस तू." पण तो स्वतः बसस्टॉपसमोरून जाताना गाडीचा वेग वाढवतो, चुकूनही थांबल्यासारखं दिसायला नको म्हणून.

आमच्या गेटबाहेरचा बसस्टॉप आणि त्याला लागून रंगवलेला सायकलींचा हिरवा पट्टा, एवढं आईंचं, म्हणजे सासूबाईंचं राज्य. त्या पट्ट्यावर सायकल म्हणाल तर भोंपू वाजवत येणाऱ्या इडलीवाल्याची एकट्याची. तरी तिथे कुणी स्कूटर लावली की गॅलरीतून आवाज आलाच, "इडलीवालो काय उडत येतलो रे?" लग्न होऊन मालवणहून थेट परळच्या चाळीत आल्या, गिरणी बंद पडल्यावर इकडे आल्या, मुंबईची भाषा झकास उचलली, पण राग त्यांना अजून मालवणीतच येतो. आमचा अख्खा रस्ता त्यामुळे मालवणी समजायला लागलाय.

हे सगळं सुरू झालं बाबांमुळे, म्हणजे माझ्या सासऱ्यांमुळे. त्यांना झटका आला आणि डावा पाय ओढत चालायची पाळी आली. घरात बसून माणूस कडू व्हायला लागला होता. मग त्यांना एक नाद लागला. दुपारची बस पकडायची, खिडकीत बसून आरेतली झाडं बघत जायचं, तबेल्याजवळ उतरून चहा प्यायचा आणि परतीच्या बसने ह्याच स्टॉपवर उतरायचं. बस फूटपाथला टेकून उभी राहिली की त्यांचा पाय सरळ आत पडायचा, कुणाच्या हाताची गरज नाही. पण स्टॉपवर गाडी उभी असली की बस थांबणार भर रस्त्यात. मग ती पायरी केवढी तरी उंच व्हायची. एकदा असेच ते न चढता परत आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "पुरे झालं आता. नाही जात मी." आईंनी हातातली कोथिंबीर तशीच टाकली आणि खाली गेल्या. त्या दिवसापासून त्या खालीच आहेत म्हणा ना!

आधी नुसती जीभ होती. "काकी, दोनच मिनिटं हां," असं एक सूटबूटवाला म्हणाला, तर म्हणाल्या, "मग दोन मिनिटां माझ्या घोवाक उचलून बशीत चढव." त्याने गाडी काढली. मग मोबाइल हातात आला. सुरुवातीचे सगळे फोटो स्वतःच्या अंगठ्याचे. पण बाई जिद्दीची, शिकली. गाडीचा नंबर, मागे बसस्टॉपची पाटी, असे फोटो काढून ट्रॅफिकवाल्यांना पाठवायला लागल्या. चौकीत इतक्या खेपा घातल्या की शेवटी खांबावर कॅमेराच लागला. उभ्या गाडीचा नंबर तो आपोआप टिपणार आणि चलान थेट मालकाच्या मोबाइलवर. आईंनी हवालदाराला विचारलं, "हा जेवायला कधी जातो?" तो म्हणाला, "आजी, हा जेवत नाही." आईंना कॅमेरा तिथल्या तिथे आवडला. "आमच्या घरातल्या पुरुषांपेक्षा बरा," म्हणाल्या.

आता दसऱ्याला आमच्याकडे राबणाऱ्या प्रत्येक वस्तूला झेंडू मिळतो. विळीला, शिलाई मशीनला, मिक्सरला, बिल्डिंगच्या लिफ्टलासुद्धा. मग कॅमेऱ्याने काय घोडं मारलंय? आईंनी वॉचमनला शिडीवर चढवून त्याला हा जाडजूड हार घालायला लावला आणि खालून हात जोडले. दुपारपर्यंत वाऱ्याने हार घसरला आणि बरोबर भिंगावर येऊन बसला. वाट लागली!

नेमकी त्याच दिवशी नवऱ्याने नवी गाडी आणली. गेटमध्ये पूजेच्या गाड्यांची ही गर्दी, म्हणून यानं ती लावली कुठे? तर स्टॉपवर. वर हसत हसत, "आई, टेन्शन घेऊ नको. तुझ्या कॅमेऱ्याच्या डोळ्यावर फुलं आलीयत." आई ताट घेऊन आल्या होत्या. निरांजन, कुंकू, नारळ, लिंबू सगळं तयार. तेवढ्यात आरेकडून बस आली आणि जागा नाही म्हणून भर रस्त्यात थांबली. दारात बाबा उभे. त्यांनी पाय खाली सोडला, तो नुसता हवेत राहिला, परत वर घेतला. मागून हॉर्नचा गोंगाट. बाबांनी आमची हार घातलेली नवी गाडी बघितली आणि नजर वळवली.

आईंनी ताटासकट एका हाताने मोबाइल काढला, पोटच्या पोराच्या गाडीचा फोटो घेतला आणि म्हणाल्या, "काढ ती हयसून." यानं काढली. बस पुढे सरकली, फूटपाथला टेकली आणि बाबा आपल्या पायांनी उतरले. मग आईंनी ते ताट घेऊन चक्क बसला ओवाळलं. चाकाजवळ नारळ फोडला. ड्रायव्हर हात जोडून बघतच राहिला, आणि आतल्या प्रवाशांनी खोबरं मागून घेतलं. नवी गाडी आली तशीच बिनओवाळलेली आमच्या गेटमध्ये गेली.

चलान आलंच. फोटोत एका कोपऱ्यात निरांजनाची ज्योत दिसते. नवरा चार दिवस तोंड फुगवून होता. आता तोच फोटो ऑफिसात सगळ्यांना दाखवतो, "ही आमची आई!"

बाबा जाऊन आता वर्ष होत आलं. मला वाटलं, आई आता गॅलरीतच बसतील. कसलं काय! दुपारच्या बसच्या वेळेला अजून खाली जातात. कॅमेऱ्याला यंदाही हार घातला, पण भिंगाखाली, दोन गाठी मारून. स्टॉप मोकळा असतो. बस येते, टेकते, कुणी अनोळखी म्हातारा सावकाश उतरतो आणि आपल्या वाटेने जातो. आई मात्र दार बंद होईपर्यंत आत बघत राहतात. मग माझा हात धरून म्हणतात, "बघितलंस गो? कशी टेकली."