माय शहर बघायला आली नव्हती

पेडगावहून दत्ताचा, माझ्या धाकट्या भावाचा, फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. "ताई, माय गेली... सकाळी चांगली बसून ज्वारी निवडायली होती गं," एवढंच तो बोलू शकला. त्याला आता काही आठवडे झाले. भेटायला येणारे मायबद्दल विचारतात, आणि मला दर वेळी दिसते ती चारमिनारच्या गर्दीत माझ्या हातून निसटलेली माय.

मी इतकी वर्षं हैदराबादेत नोकरीला, पण शेतातून पाय निघत नाही म्हणून माय कधी आली नाही. गेल्या हिवाळ्यात मात्र अचानक स्वतःच म्हणाली, "येते तुज्याकडं." मी हौसेनं रजा घेतली, तिला म्युझियममध्ये नेलं. पण ती मूर्तींकडं बघेना. कोपऱ्यात उभ्या म्हाताऱ्या पहारेकऱ्यांच्या तोंडाकडं एकटक बघत राहायची. मला अवघडल्यासारखं झालं.

"माय, काय बघायलीस?"

"काय न्हाई. चल."

दुसऱ्या दिवशी चारमिनारला गेलो. बांगड्या बांधून घ्यायला मी वळले, परत बघते तर माय नाही! तिचा फोन माझ्याच पर्समध्ये. चारी बाजूंनी हातगाड्या, रिक्षा, माणसंच माणसं... मी "माय, माय" ओरडत सुटले. शेवटी एका अत्तरवाल्यानं सांगितलं, "नौवारी वाली अम्मा? उस गल्ली में गई, किसी के पीछे भाग रई थी."

गल्लीत कुलूपदुरुस्तीच्या दुकानापुढं घोळका जमलेला. मधोमध मायनं एका म्हाताऱ्याचं मनगट गच्च धरलेलं आणि तो ओरडत होता, "छोड़ो! कौन हो तुम?"

"किसन, मी आक्का हाय रं... वळखलं न्हाई का?"

कुणीतरी पोलिसांना बोलवा म्हणालं. मी हात जोडत आत घुसले, पण माय सोडेना. तिनं त्याची टोपी वर सरकवली आणि कानामागं पाहिलं. तिथं काहीच नव्हतं. तिची पकड हळूहळू सुटली.

"न्हाई... किसन न्हाई. माफ करा दादा, चुकलं माजं."

म्हातारा मनगट चोळत होता. ही माझी आई, कुणीतरी ओळखीचं समजून चुकली, एवढं मी सांगितलं, तसं त्यानं लोकांना पांगवलं आणि स्टूल पुढं सरकवलं. "बैठो अम्मा. पानी पियो."

किसन म्हणजे मायचा धाकटा भाऊ. आजोबांनी चारचौघांत बैलाच्या दाव्यानं मारलं म्हणून तो मिसरूड फुटायच्या वयात हैदराबादच्या गाडीत बसला. त्याच्या कानामागं जुन्या जखमेची मोठी खूण होती. त्याचं नाव घरात काढायचं नाही, अशी आजोबांची ताकीद. हे सगळं मी परतताना रिक्षात पहिल्यांदा ऐकलं.

"मी शहर बघायला आले न्हाई गं," माय म्हणाली.

मग आम्ही किल्ला, तलाव बघणं सोडून दिलं. गोदामं, हमालांचे अड्डे, देवळांपुढच्या रांगा हिंडलो. एखाद्या चेहऱ्यापाशी माय थबकली की मला वाटायचं, तो निघाला आणि त्यानं ओळखच दिली नाही तर? किसनमामा सापडला नाही. गाडी सुटताना खिडकीतून ती म्हणाली, "दिसला तर भांडू नको त्याच्याशी. आदी जेवला का इच्यार."

त्यानंतर तिनं सापडला का असं कधीच विचारलं नाही. रोज संध्याकाळी फोन करायची आणि म्हणायची, "आज कुठून कुठून आलीस?" मी रस्त्यांची नावं सांगायचे, ती ऐकून घ्यायची. तिला सांगायला काही असावं म्हणून मी घरी जायचा रस्ता बदलू लागले, लांबून येऊ लागले.

आता फोन येत नाही. तरी काल मी दोन स्टॉप अलीकडेच बसमधून उतरले, आणि कधी न पाहिलेल्या गल्लीतून, दुकानांपुढं बसलेल्या म्हाताऱ्यांची तोंडं बघत चालत घरी आले.