दुसरा अर्धा भाग समुद्राचा

उत्तनला जायचं ठरलं ते आवाजामुळे. मी ध्वनिमापनाचं काम करते आणि शांती नगरात राहते, जिथे रविवारीही कुणाच्या तरी भिंतीत ड्रिल चालू असतं. ऑफिसातली रीना म्हणाली, उत्तनजवळच्या आमच्या चौक गावाला ये, तिथे फक्त समुद्र ऐकू येतो. जानेवारीतला एक रविवार धरला.

भाईंदर पश्चिमेहून सकाळची बस घ्या. चुकली तर शेअर रिक्षा, थोडे पैसे जास्त पडतात. रस्ता अरुंद आणि वळणांचा आहे. त्या दिवशी धुकं इतकं होतं की वाळत घातलेले बोंबील दिसण्याआधी वासाने कळले.

रीना स्टॉपवर होती. तिच्या भावाची, अँथनीची होडी पहाटे यायची होती, आली नव्हती. वायरलेस लागत नव्हता. मी परत जाते म्हटलं, पण तिने थांबवलं. आईजवळ माणसं असलेली बरी.

किनाऱ्यावर सात बायका उभ्या होत्या, पुढे रीनाची आई, फिलोमिना मावशी, हातात जपमाळ. मरियेची प्रार्थना दोन भागांत म्हणतात: एकाने पहिला म्हणायचा, बाकीच्यांनी दुसरा. मावशी धुक्याकडे तोंड करून पहिला भाग मोठ्याने म्हणायची आणि मग सगळ्या गप्प. काही सेकंद नुसत्या लाटा. मग पुढचा मणी. रीनाला विचारून मी फोनवर रेकॉर्डिंग चालू केलं.

माझे आई-बाबा रत्नागिरीचे, घरी गणपती, पण शाळा कॉन्व्हेंटची. ही प्रार्थना मला पाठ आहे. वाटलं, बायका थकल्यात. पुढच्या शांततेत मी दुसरा भाग सुरू केला. चार शब्द झाले असतील. मावशीने माझ्या तोंडावर हात ठेवला.

"तो त्यांचा हाय. आपला न्हाय."

रीनाने बाजूला नेऊन सांगितलं. दुसरा भाग होडीवरची माणसं म्हणतात. होडी परत येणार नाही असं गावाने मान्य केलं, की मगच किनारा दोन्ही भाग म्हणतो.

मी माफी मागितली. मावशी म्हणाली, तुला ठावं नव्हतं, आणि पुन्हा पहिल्या मण्यापासून सुरू केलं. माळ संपल्यावर ती पाणी प्यायला थांबली, तेव्हा मी विचारलं, तिकडून काही ऐकू येतं का.

"न्हाय. देव तरी कुठं ऐकू येतो? पन तो हाय, आनि माज्या पोराजवळ हाय. ऐकू आल्यावर काय, कोनीपन मानंल."

मागून एक बाई म्हणाली, या इंजिनीयरनीला मशीन लावाया सांग, देवाचा आवाज मोजंल. दोघी-तिघी हसल्या. मीही, थोडीशी. मग मावशीने माळ पुन्हा उचलली.

साडेनऊच्या सुमारास धुक्यात काळा आकार दिसला. दुसरी होडी अँथनीच्या होडीला ओढून आणत होती. इंजिन आणि बॅटरी, दोन्ही बंद पडलेली. अँथनी कमरेएवढ्या पाण्यात उतरला. मावशीने एवढंच विचारलं, म्हटलंस का.

"म्हटलं. तुजा आवाज न्हाय आला पन."

मग कुठे थांबायचं हे कसं कळलं, असं मी विचारलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, जणू सोपं गणित मला येत नव्हतं.

"आई तिकडं म्हनत असनारच की. तेवढा वेळ गप ऱ्हायचं."

दुपारी तांदळाची भाकरी आणि बोंबील त्यांच्याच घरी. बाहेरून येणाऱ्यांनी बंदराजवळ चौकशी करावी. आधी सांगितलं तर घरगुती जेवण मिळतं.

घरी येऊन हेडफोन लावून रेकॉर्डिंग ऐकलं. शांततेच्या जागांत लाटा, कावळे, एक खोकला. पुरुषाचा आवाज नाही, ग्राफवरही नाही. मग त्या जागांची लांबी मोजली. त्या सारख्या नाहीत. नऊ सेकंद, चौदा, अकरा, एकदा एकवीस. सवयीने म्हटलेल्या प्रार्थनेत इतका फरक पडू नये. आणि मावशी कुठेच अडखळत नाही. कुणाचं तरी म्हणून संपल्यासारखी पुढचा मणी घेते.

माझा विश्वास बसला, असं मी लिहिणार नाही. पण ती फाइल मी बऱ्याचदा ऐकते. एकवीस सेकंदांची जागा आली की श्वास रोखते, आणि त्या वेळात खोलीत मी एकटी आहे असं मला वाटत नाही.